आडनाव म्हणजे वंशावळ नव्हे

१/ खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत १६६१ साली शिवरायांच्या सैन्याने कारतलबखानाची कोंडी करून त्याला शरण आणले. आपलाही एखादा पूर्वज तेथे लढला असावा, असे या भागातील माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘असावा’चे ‘होता’ कधी होते? पुरावा मिळाल्यावर. आपण मात्र आधी पूर्वज निवडतो आणि मग कागद शोधतो. या उलट्या प्रवासाविरुद्ध हा थ्रेड.

२/ पहिला भ्रम : आडनाव जुळले की घराणे जुळले. धारचे पवार इतिहासप्रसिद्ध आहेत. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवरही पवार आहेत, जाधव आहेत, वाघमारे आणि मुकणेही आहेत. केवळ आडनावाच्या बळावर धारच्या राजवाड्यापर्यंत पोहोचणारा संशोधक त्याच आडनावाने शेजारच्या कातकरीवाडीपर्यंत का पोहोचत नाही? ही निवड इतिहासाची नसून आपल्या अहंकाराची आहे.

३/ पाटील, देशमुख, कोतवाल ही मुळात हुद्द्यांची नावे. माथेरानला १९१२ साली जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल नाभिक समाजातील होते. एकच हुद्दा अनेक जातींत, अनेक गावांत आडनाव होऊन बसला आहे. त्यावरून जात ठरत नाही, कूळ तर नाहीच नाही.

४/ दुसरा भ्रम : आजचा जिल्हा तोच कालचा जिल्हा. ‘रायगड’ हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे. त्यापूर्वी तो कुलाबा. आणि कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. म्हणूनच कर्जतचे वर्णन १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये सापडते. १८७० च्या पणजोबांना केवळ कुलाब्याच्या कागदांत शोधून ‘नोंदच नाही’ असा निकाल देणे हा आळस आहे. शिवाय दुसरे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. कागदावर नुसते ‘कर्जत’ दिसले म्हणून हुरळून जाऊ नये.

५/ तिसरा भ्रम : सन म्हणजे सन. शक असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली असेल तर ५९०, शुहूर असेल तर ५९९. वर्ष मध्येच बदलत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक धरा. शुहूर ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे वर्ष. तेच फसली समजलात तर १७५१-५२ येते. नऊ वर्षांच्या या चुकीत बापाच्या जागी मुलगा बसू शकतो.

६/ चौथा भ्रम सर्वांत घातक : सामान्यांच्या नोंदी नसतातच. गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांत राजे-सरदार नव्हे, तुमचे-आमचे पूर्वज आहेत. २०२३ पासून न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी अशीच दप्तरे उघडली गेली. त्यांतील बरीचशी मोडीत आहेत. तेथे एक चुकीचे वाचन एखाद्याच्या जातप्रमाणपत्रापर्यंत जाऊन पोहोचते. हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

७/ ज्याच्या नावे जमीन नव्हती, तो जमिनीच्या दप्तरात सापडत नाही. कागदाचे मौन म्हणजे माणसाचा अभाव नव्हे. त्या मौनावर आपल्या सोयीची दंतकथा रचणे हा त्या माणसावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

८/ ‘मग आजीने सांगितलेले खोटे का?’ असा आक्षेप येईल. मौखिक परंपरा अनमोल आहे. ती कोठे शोधावे हे सांगते. काय सापडले पाहिजे, हे मात्र तिने ठरवू नये.

९/ म्हणून प्रारंभ स्वतःपासून करा. एका वेळी एकच पिढी मागे जा. प्रत्येक पायरीवर नाव, वडिलांचे नाव, गाव आणि वर्ष ही चारही जुळली तरच पुढची पायरी. जेथे दुवा तुटेल तेथे थांबा आणि ‘येथवर पुरावा आहे’ असे स्वच्छ लिहा. पुराव्याने सिद्ध झालेला भूमिहीन खापरपणजोबा कल्पनेतल्या सरदारापेक्षा शतपटीने आपला असतो.