टेबलापलीकडचे नवाब

नोकरीच्या मुलाखतीत समोरचा उद्धटपणे वागला तर काय करावं, यावर आपल्याकडे मिळणारा सल्ला दोन शब्दांत मावतो: हसत राहा. प्लेसमेंटचे सर हेच सांगतात, काका हेच सांगतात, व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लासवाले पैसे घेऊन हेच सांगतात. साहेब तुमच्या उत्तराच्या मध्येच फोन उचलून घरच्या प्लंबरशी हुज्जत घालू लागले, हसा. ‘या कॉलेजातून आलात आणि एवढा पगार मागता?’ असं म्हणाले, जरा जास्त हसा, त्याला आत्मविश्वास म्हणतात. मला हा सल्ला भंपक वाटतो. किंबहुना याच सल्ल्यावर ही जमात पोसली गेली आहे. ज्याच्या प्रत्येक पाणउताऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उमेदवार गोड हसले, त्याला आपण विनोदी आहोत असं वाटलं तर नवल काय?

मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. आधी उमेदवार म्हणून, पुण्या-चाकणकडच्या कारखान्यांच्या अकाउंट्स खात्यांत. आता बरीच वर्षं निवड करणाऱ्यांच्या रांगेत. त्यामुळे आत काय चालतं ते ऐकीव नाही. बाहेर उमेदवार फाइल छातीशी धरून बसलेला असतो, तेव्हा आत तयारी चालू आहे असं त्याला वाटतं. आत चहा चालू असतो. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा अजरामर प्रश्न तुम्हाला बोलतं करण्यासाठी असतो असं समजू नका. तुम्ही बोलत असताना साहेबांना तुमचा बायोडेटा पहिल्यांदा वाचता यावा म्हणून तो असतो.

एका कंपनीने मला सकाळी दहाची वेळ दिली होती. दीडच्या सुमाराला आत बोलावलं. साहेबांनी डबा उघडला होता आणि भेंडी चावता चावता त्यांनी प्रश्नावली सुरू केली. लग्न झालंय का? मिस्टर कुठे असतात? मुलं? सासूबाई घरी असतात का, म्हणजे मुलांकडे बघायला? मी अबकारी आणि विक्रीकराची विवरणपत्रं, ताळेबंद, सगळं घोकून गेले होते. त्यातलं एक अक्षर निघालं नाही. शेवटी मी विचारलं, ‘हे प्रश्न तुम्ही पुरुष उमेदवारांनाही विचारता का?’ साहेबांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फार ॲग्रेसिव्ह आहात.’ त्या मुलाखतीत माझ्या स्वभावाबद्दल झालेलं हे एकमेव निरीक्षण.

भरती करताना बाईला बाई म्हणून डावलायला आपल्याकडे १९७६च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे, आणि नव्या वेतन संहितेतही ती आहे. कायदा फाइलमध्ये सुखाने नांदतो. २०२४ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तमिळनाडूतल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित बायकांना भरतीत नाकारलं जातं अशी बातमी दिली, तेव्हा देशभर हळहळ झाली. हळहळणाऱ्यांत असे कित्येक मॅनेजर असतील ज्यांनी त्याच आठवड्यात कुणाला तरी ‘फॅमिली प्लॅनिंगचं काय ठरलंय?’ असं विचारलं असेल. तिथे दारावरच नकार होता. इथे आत बोलावून, पाणी देऊन, मग नकार. याला आपण सुधारणा समजतो.

दुसऱ्या प्रश्नातून पुरुषही सुटत नाहीत. ‘गाव कुठलं?’ इथून तो सुरू होतो. मग, ‘पाटील म्हणजे कुठले पाटील?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर निव्वळ आपुलकी असते, जणू याला भूगोलाचीच आवड आहे. आडनावावरून अंदाज लागला नाही की वडिलांचा व्यवसाय, मग आजोळ. एवढं झाल्यावर साहेबांची मुद्रा एकतर खुलते, नाहीतर मिटते. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोन अभ्यास छापून आले. पहिल्यात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. दुसऱ्यात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच बोलतं केलं. ते सगळे गुणवत्तेचे भक्त निघाले, आणि त्याच दमात म्हणाले की उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ आम्ही जरूर बघतो. त्यात विसंगती आहे असं त्यांना वाटलंच नाही. आजही वाटत नाही.

उद्धटपणाला हल्ली एक भारदस्त नावही मिळालं आहे: स्ट्रेस इंटरव्ह्यू. उमेदवार दबावाखाली कसा वागतो ते बघायचं असतं म्हणे. या मंडळींचं दैवत असावं असे एक गृहस्थ खरोखर होऊन गेले. अमेरिकी आरमाराच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल हायमन रिकोव्हर. ते मुलाखतीला अशी खुर्ची ठेवत जिचे पुढचे पाय कापून आखूड केलेले असत, म्हणजे बसणारा सारखा पुढे घसरत राही. १९५२ साली त्यांच्यासमोर जिमी कार्टर हा तरुण अधिकारी बसला, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. कार्टर यांनीच लिहून ठेवलंय की विषय कुठले बोलायचे ते रिकोव्हरनी त्यांनाच निवडू दिले, आणि मग प्रत्येक विषयात एकेक अवघड प्रश्न विचारत आपल्याला किती कमी कळतं ते दाखवून दिलं. दोन तासांहून जास्त वेळ. म्हणजे या माणसाला उमेदवाराने निवडलेला प्रत्येक विषय उमेदवारापेक्षा जास्त येत होता, आणि तो माणसं निवडत होता अणुभट्टीवर पाण्याखाली महिनोन्‌महिने राहण्यासाठी. आमचे साहेब निवडत असतात बिलं एंट्री करायला एक मुलगा. त्यांनी रिकोव्हरकडून फक्त खुर्ची उचलली.

कठोर परीक्षकाबद्दल माझी काही तक्रार नाही. मला घाम फोडणारे मुलाखतकार भेटले आहेत. एका वयस्कर सीए साहेबांनी माझ्याच ताळेबंदातली चूक मला अर्धा तास शोधायला लावली होती आणि नोकरीही दिली नाही. त्यांचं नाव मी आजही आदराने घेते. त्यांनी मला कामाबद्दल छळलं. माझ्या सासूबद्दल एक शब्द काढला नाही.

आयटीवाल्यांचे कोड्यांचे प्रश्न हा कामाचं सोडून भलतंच विचारण्याच्या रोगाचा सुशिक्षित प्रकार. विमानात किती टेबल टेनिसचे चेंडू मावतील वगैरे. ज्या गूगलच्या नावाने ही कोडी इथे आली, त्या गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ सालीच जाहीर सांगून टाकलं की या कोड्यांचा काडीचा उपयोग नाही, फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. हिंजवडीपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे. वाहतूक फार असते.

पण खरा कळस बघायचा तर शिक्षणसंस्थांत जावं. वर्तमानपत्रात जाहिरात येते. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं स्वखर्चाने रात्रभर एसटीने प्रवास करून, मूळ प्रमाणपत्रांची फाइल पिशवीत घालून पोचतात. संस्थेच्या व्हरांड्यात पन्नास-साठ जण. एक उत्साही तरुण सगळ्यांच्या हजेरीपत्रकावर सह्या घेत, पाणी कुठे, बाथरूम कुठे ते सांगत फिरत असतो. निवड झालेला उमेदवार तोच. गेली दोन वर्षं तो तिथेच तासिका तत्त्वावर राबतोय आणि देणगीचा पहिला हप्ताही पोचता झालाय. आत अध्यक्ष, सचिव, विद्यापीठाचा एक झोपाळू प्रतिनिधी. ‘आमच्या इमारत निधीबद्दल तुमचं काय मत आहे?’ हा तिथला विषयज्ञान तपासणारा प्रश्न. ज्याचं मत कमी पडतं त्याला दोन मिनिटांत बाहेर. आणि एवढ्या नाटकातही अध्यक्षांना पाहुण्यांचा अपमान करण्याची हौस आवरत नाही: ‘एवढं शिकलात, मग आतापर्यंत घरी का बसलात?’ अहो, तुमच्यासारख्यांमुळे!

या दोन मिनिटांवर सर्वोच्च न्यायालयाने कधीच बोट ठेवलं आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला शंभर गुण आणि तोंडी मुलाखतीला पन्नास ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि विचारलं काय तर वडील काय करतात, राहता कुठे. अजय हासिया खटल्यात न्या. भगवतींनी लिहिलेल्या निकालाने ही पद्धत मनमानी ठरवली, तोंडी परीक्षेला पंधरा टक्क्यांहून जास्त वजन नको म्हटलं आणि मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित कराव्यात असंही सुचवलं. ही गोष्ट १९८०ची. तेव्हा टेपरेकॉर्डर ही चैन होती. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे, आणि मुलाखतीच्या दारावर पहिली सूचना असते: मोबाइल बाहेर ठेवा. केंद्र सरकारने तर २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद करून टाकल्या. सरकारसारख्या सरकारला आपल्या मुलाखतकारांचा भरवसा वाटेना, यातच सगळं आलं.

आणि हे सगळं करून माणसं तरी चांगली मिळतात का? १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. ज्या मुलाखतीत सगळ्यांना आधी ठरवलेले, कामाशी निगडित, सारखे प्रश्न विचारून गुण दिले जातात, ती मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज गप्पा मारल्यासारख्या मुलाखतीपेक्षा बराच बरा देते. पण त्यासाठी साहेबांना आदल्या दिवशी बसून दहा प्रश्न लिहावे लागतील. त्यापेक्षा ‘मला माणूस बघताक्षणी कळतो’ हे सोपं. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यातली माणसं मी बघितली आहेत.

तर करायचं काय? ज्याच्या घरात दुसरा पगार येतो त्याने उठावं. आरडाओरडा नको, भाषण नको. ‘तुमचा आणि माझा वेळ जातोय, मी निघते’ एवढं म्हणून फाइल उचलायची. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण हा प्रसंग त्यांच्या अभ्यासक्रमातच नसतो. पण ज्याच्या घराचा हप्ता थकलाय, ज्याची नोकरी गेल्या महिन्यात गेली, त्याला ‘स्वाभिमानाने उठून ये’ असं सांगणं हा दुसऱ्याच्या खिशातला स्वाभिमान आहे. त्याने बसावं, नोकरी मिळाली तर घ्यावी. फक्त डोळे उघडे ठेवून घ्यावी. जो माणूस तुम्हाला आपलंसं करायच्या दिवशी असा वागतो, तो तुम्ही त्याचे झाल्यावर कसा वागेल, याचा नमुना त्याने फुकट दाखवला आहे. रुजू होतानाच पुढची नोकरी शोधायला लागा.

दोघांनीही करण्यासारखी एक गोष्ट आहे. घरी पोचल्यावर, राग गरम असताना पण शब्द थंड ठेवून, एक ईमेल लिहा. तारीख, वेळ, किती वेळ ताटकळत ठेवलं, कोण समोर होतं, काय शब्द वापरले. विशेषणं गाळा. ‘अत्यंत अपमानास्पद वागणूक’ लिहिलंत की कुणी वाचत नाही. ‘सासूबाई घरी असतात का, असं विचारलं’ लिहिलंत की कुणाला तरी वकील आठवतो. तो ईमेल मुलाखतकाराला नको, त्याच्या वरच्याला पाठवा. ज्यांना नोकरी हवीच आहे त्यांनी निकाल लागल्यावर पाठवावा. आणि मामला लगट किंवा अश्लील बोलण्यापर्यंत गेला असेल, तर २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा ‘नोकरीवर असो वा नसो’ अशा प्रत्येक बाईला लागू आहे. उमेदवारही त्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते. हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. तिथे हस्तांदोलन किती घट्ट करावं ते शिकवतात.

मूळ प्रमाणपत्रं ‘पडताळणीसाठी राहू द्या’ म्हणाले तर देऊ नका. ‘असाइनमेंट’ म्हणून त्यांच्या खऱ्या ग्राहकाचं आठवडाभराचं काम गळ्यात मारलं, तर नमुन्यापुरतं एक पान करा आणि बाकीचं कोटेशन पाठवा.

एवढं सगळं केल्यावरही उत्तर येणार आहे ते ठरलेलंच: आम्ही कळवू. कोणी कळवत नाही. चार-चार फेऱ्या घेऊन, जुन्या पगाराच्या स्लिपा मागवून, नोटीस पिरियड कमी करायला लावून कंपन्या गडप होतात. नकाराचे दोन शब्द लिहायला कुणाला वेळ नसतो.

गंमत अशी की हल्ली माझ्या ओळखीचे सगळे एचआरवाले एकाच दुःखाने त्रस्त आहेत. आजकालच्या मुलांना रीतभात नाही म्हणे. ऑफर लेटर घेतात, तारीख ठरवतात, आणि रुजू व्हायच्या दिवशी उगवतच नाहीत. लॅपटॉप तयार, ओळखपत्र तयार, खुर्ची रिकामी. फोन केला तर उचलत नाहीत, मेसेजला उत्तर नाही. परवा एक जण माझ्यासमोर अगदी कळवळून विचारत होता, नाही यायचं तर निदान सांगावं की नाही माणसाने? मी त्याचा चहा त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, थांब जरा, कळवेल तो.