चॉकलेट ज्या भाषेने दिले

फेब्रुवारीच्या ९ तारखेला महाविद्यालयांच्या आवारात चॉकलेटांची देवघेव होते, २१ तारखेला जग मातृभाषा दिन पाळते आणि २७ तारखेला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण मराठीचा गौरव करतो. पहिला दिवस तरुणांचा आणि उरलेले दोन व्याख्यानांचे, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. पण जे चॉकलेट आपण हौसेने हाती ठेवतो, त्याचे नाव मुळात एका मातृभाषेचे देणे आहे, आणि ती भाषा आजही बोलली जाते.

ती मेक्सिकोतली नाहुआत्ल. तिच्यात ‘आत्ल’ म्हणजे पाणी, आणि चॉकलेट या शब्दाच्या अखेरीस तेच पाणी मुरलेले आहे. कारण शेकडो वर्षे चॉकलेट हे प्यायचेच होते, त्याची खाण्याजोगी वडी इंग्लंडात १८४७ च्या सुमारास आली. शब्दाचा पहिला भाग मात्र वादाचा. ‘शोकोआत्ल’ म्हणजे कडू पाणी, ही व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. ऐकायला ती गोड वाटते, पण सोळाव्या शतकातल्या जुन्या नोंदींत हा शब्द त्या पेयासाठी आढळत नाही. आलोन्सो दे मोलिना यांचा १५७१ चा शब्दकोश किंवा त्याच काळातले स्पॅनिश धर्मोपदेशक साहागून यांचे ग्रंथ पाहिले, तर तिथे भेटते ते ‘काकावात्ल’, म्हणजे काकावचे, आपल्या कोकोचे, पाणी. हा ‘काकाव’ तर त्याहून कितीतरी जुना. ग्वाटेमालातल्या रिओ असुल येथे माया संस्कृतीतल्या एका थडग्यात फिरकीच्या झाकणाचे एक मातीचे भांडे मिळाले. त्यावर रंगवलेल्या चित्रलिपीत अभ्यासकांनी ‘काकाव’ ही अक्षरे वाचली आणि आत चिकटलेल्या कणांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा ते कण कोकोचेच निघाले. दीड हजार वर्षांपूर्वीचा शब्द आणि त्याचा अर्थ एकाच भांड्यात सापडावा, हे भाग्य फार थोड्या भाषांच्या वाट्याला येते.

मग चॉकलेट आले कुठून? कॅरेन डेकिन आणि सोरेन विकमन या भाषाशास्त्रज्ञांनी २००० साली असे मांडले, की मूळ रूप ‘चिकोलात्ल’ असावे, आणि ‘चिकोल’ म्हणजे हे पेय घुसळायची काठी. आपली रवीच म्हणा ना. दोन तळव्यांत फिरवून पेयावर फेस आणायचा, कारण त्या पेयाची खरी प्रतिष्ठा फेसातच होती. सगळे अभ्यासक या मताला राजी नाहीत. तरीही आपल्याला ते जवळचे वाटते, कारण त्याचा पुरावा ‘चिकोलात्ल’ हेच रूप अजून बोलणाऱ्या नाहुआत्लच्या बोलींत आहे. शब्दकोशकारांच्या हातून निसटलेली गोष्ट खेड्यांतल्या माणसांच्या तोंडी जिवंत राहिली.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी नाहुआत्ल बोलणाऱ्या अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली, राज्य गेले, आणि कारभाराची भाषा पुढे स्पॅनिश झाली. नाहुआत्लचे शब्द मात्र जगभर पसरले. टोमॅटो तिचा, आणि घोलवडच्या बागांतून येणाऱ्या आपल्या चिकूचे नावही स्पॅनिशच्या वाटेने तिच्याकडूनच आले. एवढे देऊनही २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत तिचे भाषक सुमारे साडेसोळा लाखच भरले. त्या देशाने २००३ साली कायदा करून मूळनिवासींच्या भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला, संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक अशा भाषांना वाहिले. हे मोलाचेच आहे. पण जगाच्या ओठी आपले शब्द असणे आणि आपल्या लेकरांच्या ओठी आपली भाषा असणे, यांत फार अंतर आहे.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपले मन भरून आले. कोट्यवधींच्या या भाषेला नाहुआत्लची चिंता लागू नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली यांच्यात असे कितीतरी शब्द असतील, ज्यांची नोंद कोणत्याच कोशात नाही आणि जे ठाऊक असलेली माणसे आता थकली आहेत. घुसळखांब, जात्याचा खुंटा, मोटेचा नाडा यांना आपल्या गावी काय म्हणत, हे सांगणारे कुणी घरात असेल तर या २१ तारखेला त्यांच्याजवळ बसावे, मुलांनाही बसवावे, आणि जे ऐकू येईल ते त्याच उच्चारात वहीत उतरवून घ्यावे.