बंदुकीवर रोष, फासाकडे पाठ
आफ्रिकेत शिकारीसाठी भाडेपट्ट्याने दिलेली रानं सरसकट बंद करा, अशी मागणी करणाऱ्या एका लेखाची सध्या बरीच वाहवा चालली आहे. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: श्रीमंत परदेशी माणूस करमणुकीसाठी सिंह मारतो आणि त्याच्या पैशाला संवर्धनाचा मुलामा दिला जातो. भारताने १९७२ मध्ये कायदा करून शिकार बंद केली, वाघ वाचला. टांझानियानेही तेच करावं. बुडालेलं उत्पन्न कॅमेरे घेऊन येणारे पर्यटक भरून काढतील. या सगळ्यात शिकाऱ्याबद्दल भरपूर आहे, रानाबद्दल एक वाक्य नाही. मारलेल्या सिंहाशेजारी हसत बसलेल्या माणसाची किळस येते, मलाही येते. पण ज्याला प्राणी वाचवायचे आहेत त्याने आधी ते कशाने मरतात हे पाहायला हवं.

ते मरतात तारेच्या फासाने. जुन्या टायरमधली तार, सायकलच्या ब्रेकची केबल, कुंपणाचा तुकडा, काहीही चालतं. पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर झुडपाला फास बांधला की काम झालं. त्याला परवाना लागत नाही, मोसम लागत नाही, नर-मादी कळत नाही. गाभण हरणी, पाडस, रानम्हैस, जे येईल ते अडकतं. लावणारा वेळेवर आला तर मांस बाजारात जातं, नाही आला तर जागेवर कुजतं. अडकलेल्या जनावराच्या वासाने सिंह आणि रानकुत्रे येतात, आणि शेजारच्याच फासात सापडतात. परवान्यावर आलेला शिकारी एका मोसमात किती जनावरं मारणार हे कागदावर ठरलेलं असतं आणि टांझानियात त्याच्यासोबत सरकारी माणूस असतो. फासाचा हिशेब कुणाकडेच नसतो. तो शोधून काढायचा एकच मार्ग आहे: पायी चालत जाणं, रोज, वर्षभर. तिकडचे काही ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी पट्ट्याने दिलेले रानाचे तुकडे, आपल्या ताडोबा-अंधारीच्या गाभ्याला बफर जोडून होणाऱ्या क्षेत्राएवढे किंवा त्याहून मोठे आहेत. तेवढ्या रानात गस्तीच्या तुकड्या ठेवायच्या तर पगार हवा, शिधा हवा, वायरलेस हवा, डिझेल हवं. पावसात वाहून गेलेले रस्ते दर वर्षी नव्याने काढावे लागतात, विमान उतरायची धावपट्टी साफ ठेवावी लागते, उन्हाळी वणवा भडकू नये म्हणून गवत थोडं हिरवं असतानाच जाळून घ्यावं लागतं. पावसाळ्यात शिकारी येत नाही. फास लावणारा मात्र येतो. ब्लॉक सांभाळणं म्हणजे मुख्यतः ही कामं, आणि बंदीची मागणी करणाऱ्याने त्यांतल्या एकाचीही किंमत मोजलेली नाही.

कॅमेरेवाले पर्यटक ती मोजतील, असं त्याला वाटतं. सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोत ते मोजतात, कारण तिथे मोकळं माळरान आहे, सकाळच्या एका फेरीत कळप, चित्ते, सिंह दिसतात. पण मोयोवोसी, रुंग्वा हे टांझानियाच्या पश्चिमेकडचं रान तसं नाही. हे मिओम्बोचं कोरडं पानगळीचं जंगल. झाडी मैलोन्‌मैल एकसारखी, गवत डोक्याएवढं, जनावर विरळ आणि बुजरं. त्सेत्से माशी चालत्या गाडीतही चावते. याच माशीने फैलावणाऱ्या रोगामुळे तिथे गुरं टिकत नव्हती, म्हणून तर ते रान राहिलं. चार दिवसांची रजा काढून मुलाबाळांसह आलेलं कुटुंब तिथे का जाईल? सिंहाच्या परवान्यासाठी शिकाऱ्याला एकवीस दिवसांची सफर घ्यावी लागते. तो तंबूत राहतो, माशा सहन करतो आणि एकटाच मोठी रक्कम मोजतो. हे कुणाला आवडो न आवडो, त्या रानाला आज मिळणारं गिऱ्हाईक हेच आहे.

भारताचा दाखला तर अर्धवट वाचलेला आहे. १९७२ चा कायदा आवश्यकच होता. पण वाघ निव्वळ कायद्याने तगला नाही. १९७३ पासून व्याघ्रप्रकल्पाखाली सरकारने पैसा ओतला, मेळघाटासारख्या रानांत चौक्या बसवल्या, वनरक्षक पायी फिरू लागले. जिथे ही राखण ढिली पडली तिथे कायदा असूनही वाघ गेले. सरिस्कात २००५ च्या सुमारास एकही वाघ उरला नव्हता, पन्नात २००९ पर्यंत तेच झालं. आपल्याकडे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीवरून हाच वाद जुना आहे. जिथे गावाने स्वतः राखण केली आणि कापून न्यायच्या गवतात गावाचा वाटा राहिला तिथे बंदी टिकली. जिथे नुसता फलक लागला तिथे फलकामागेच बकऱ्या चरल्या. तरीही प्रत्येक पिढीत कुणीतरी उठतो आणि फलकालाच राखण समजतो.

केनियात १९७७ पासून शिकारबंदी आहे, आणि १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या माळरानांवरचे वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. घट बंदीमुळे झाली असं मी म्हणत नाही. वस्ती, गुरं, कुंपणं वाढली. बंदीने ती रोखली नाही, एवढंच.

सेलूचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सेलू हे २०१९ पर्यंत टांझानियातलं सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचं राखीव रान होतं, बहुतेक शिकारीच्या ब्लॉकांत वाटलेलं. १९७० च्या दशकात तिथे लाखाच्या वर हत्ती होते. २०१३ च्या गणनेत सुमारे १३,००० उरले. मग शिकारीच्या पैशाने काय राखलं? उत्तर मधल्या वर्षांत आहे. १९९० च्या दशकात सेलूला स्वतःच्या उत्पन्नातला अर्धा वाटा स्वतःच्या राखणीवर खर्च करायची मुभा मिळाली, आणि हत्ती पुन्हा वाढले. पुढे ती व्यवस्था मोडली, पैसा राजधानीत गेला, गस्त आटली, आणि हस्तिदंताच्या टोळ्या घुसल्या. ब्लॉक तेच होते, शिकारी तेच होते. पैसा रानात परत यायचा तेवढा थांबला.

म्हणून मी शिकारीची तळी उचलत नाही, पट्ट्याच्या अटींबद्दल बोलतो आहे. टांझानियात पट्टे पाच-पाच वर्षांचे असत, आणि ठरलेल्या कोट्याच्या किमतीपैकी ४० टक्के रक्कम जनावर मारलं नाही तरी भरावी लागे. अशा अटींत पट्टेदार भराभर मारणारच. सेलूतल्या सिंहांच्या अभ्यासात अल्पमुदतीच्या पट्ट्यांत अतिशिकार आढळली. जुन्या पट्टेदारांनी मात्र सिंह राखले. तेव्हा पट्टा दीर्घ मुदतीचा हवा, सहा वर्षांखालचा सिंह मारणाऱ्याला दंड हवा, दोन हजार चौरस किलोमीटरमागे वर्षाला एकाहून जास्त सिंह नको, आणि शेजारच्या गावांना मांस व पैसा दोन्ही मिळायला हवेत. मोझांबिकमध्ये झांबेझीच्या त्रिभुज प्रदेशात, १९९२ ला संपलेल्या यादवी युद्धाने ओस पाडलेल्या कुतादा ११ या शिकारीच्या रानात पट्टेदाराने वर्षानुवर्षं फास आणि सापळे उचलले, रानम्हशींचे कळप परतले, आणि २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून २४ सिंह आणून सोडता आले. असं सगळीकडे होईल असा माझा दावा नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेने टांझानियातून शिकारीच्या हस्तिदंतांची आयात थांबवली. त्यानंतरच्या वर्षांत पट्टेदारांनी कितीतरी ब्लॉक सरकारला परत केले. त्या ब्लॉकांचं भाडं थांबलं, पट्टेदाराच्या पगारावर गस्त घालणारी माणसं घरी गेली. बंदीची मागणी करणाऱ्या लेखकाने पुढचा लेख लिहिण्याआधी एवढं एकच सांगावं, की त्या माणसांचा पुढच्या महिन्याचा पगार कुणाच्या खात्यातून निघणार आहे.