काटा मध्यावर की शून्यावर?

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एक गोष्ट सांगतो. मीटर ब्रिजच्या प्रयोगात ‘गॅल्व्हानोमीटरचा काटा मध्यावर आला की संतुलनबिंदू सापडला’, असे बहुतेक विद्यार्थी पाठ करून येतात. एकदा मी मुद्दामच शून्य डाव्या टोकाला असलेले उपकरण जोडून दिले. एक चांगला हुशार विद्यार्थी अर्धा तास काटा मध्यावर आणण्याची खटपट करत होता! खरा नियम ‘मध्य’ हा नव्हताच. तो ‘शून्य’ हा होता. त्याच्या नेहमीच्या उपकरणात दोन्ही एकाच जागी होते, एवढेच.

संगणकाच्या क्षेत्रातही नेमके असेच घडते. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला स्वतःची आज्ञांची भाषा असते. त्याच्याकडून काम करवून घेणारी, स्मृतीची वाटणी करणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. ती एका जातीच्या प्रोसेसरवरून दुसऱ्या जातीवर न्यायची तर काय करावे लागते?

लिनक्सचे उदाहरण घ्या. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती आपल्या घरच्या इंटेल ३८६ प्रोसेसरसाठी लिहिली. ती दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगी नाही, असे त्याने स्वतःच जाहीर केले होते. पण आज्ञावली सर्वांना खुली असल्यामुळे काहींनी ती मोटोरोला ६८००० जातीच्या प्रोसेसरवर नेली. त्यासाठी त्यांना तिचा बराच भाग टाकून नव्याने लिहावा लागला. ते स्थलांतर नव्हते, जवळजवळ वेगळीच आवृत्ती होती.

पुढे १९९४ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील जॉन हॉल यांच्या प्रयत्नाने टोरवाल्ड्सला अल्फा प्रोसेसरचे यंत्र मिळाले, आणि तेथे छुपी गृहीतके उघडी पडू लागली. ३८६ वर साधा पूर्णांक ३२ बिटांचा आणि स्मृतीतील जागेचा पत्ताही ३२ बिटांचाच. म्हणून पत्ता पूर्णांकाच्या खणात ठेवला तरी चालून जाई. अल्फावर पत्ता ६४ बिटांचा झाला, साधा पूर्णांक मात्र ३२ बिटांचाच राहिला. दहा आकडी दूरध्वनी क्रमांक पाच चौकोनांत लिहिला तर अर्धे आकडे गळणारच! स्पार्कसारख्या प्रोसेसरवर तर संख्येतील बाइटचा क्रमच ३८६ च्या उलटा. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, इंग्रज माणूस वीस आधी म्हणतो. तसाच हा प्रकार. येथेही ‘मध्य’ म्हणजेच ‘शून्य’ असे कोणीतरी धरून चाललेले होते.

टोरवाल्ड्सने या वेळी वेगळी वाट धरली. सर्व यंत्रांना समान असेल ते एकीकडे आणि विशिष्ट यंत्रापुरतेच असेल ते दुसरीकडे, अशी त्याने आज्ञावलीची विभागणी केली. १९९५ च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्स १.२ मध्ये अल्फा, स्पार्क आणि मिप्स या जातींचा समावेश झाला होता. आज अँड्रॉइड फोनपासून महासंगणकापर्यंत लिनक्स चालते, त्याचे एक मोठे कारण ही विभागणी आहे. २०१८ साली मद्रासच्या आय.आय.टी.त आखलेल्या ‘शक्ती’ प्रोसेसरवर लिनक्स चालले, तेव्हाही ती पहिल्या ओळीपासून लिहावी लागली नाही. नाहीतर, ऑपरेटिंग सिस्टीम नसलेला नवा प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनचा एक तुकडाच की!

आता माझी तक्रार. आपल्या बऱ्याच शाळांत संगणक शिकवला जातो तो ‘काटा मध्यावर आणा’ याच पद्धतीने. अमुक बटण दाबा, तमुक यादी उघडा. आवृत्ती बदलली की विद्यार्थी हतबल. काही शिक्षक म्हणतील, ‘अभ्यासक्रम संपवायचा आहे, आणि सगळेच थोडे ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणार आहेत?’ अडचण खरी आहे. पण सगळेच पदार्थवैज्ञानिकही होत नाहीत, तरी आपण मीटर ब्रिज शिकवतोच. नियम कोणता आणि उपकरणाची सवय कोणती, हे ओळखता यावे म्हणूनच ना?

यासाठी फार खर्चही नको. ‘लाँग’ प्रकारची संख्या किती बाइटची, हे विचारणारा चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहा. एकाच ६४ बिटी यंत्रावर तो विंडोजमध्ये आणि नंतर लिनक्सवर चालवा. पहिल्या ठिकाणी साधारणपणे ४ आणि दुसऱ्या ठिकाणी ८ असे उत्तर येईल. प्रोसेसर तोच, मग उत्तर वेगळे का? या प्रश्नावर घालवलेला एक तास पाठ केलेल्या दहा व्याख्यांहून मोलाचा ठरेल, असे मला वाटते.

आणि शिक्षकबंधूंनो, वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेतील उपकरणे मुद्दाम बदलून द्या. विद्यार्थी गोंधळतील. गोंधळू द्या!