दुसरा आवाज

मी कंट्री म्युझिक ऐकतो हे कळलं की ऑफिसात हमखास हशा पिकतो. "म्हणजे त्या मोठ्या टोप्या आणि घोडे?" हो, तेच. तर आज शनिवारच्या दुसऱ्या चहाबरोबर त्यातल्याच एका गाण्याची बाजू मांडतो. खरं तर एका 'फसलेल्या' गाण्याची.

२ मे २०१३, नॅशव्हिलचं ग्रँड ओल ऑप्री हाउस. जॉर्ज जोन्स, म्हणजे कंट्रीतला अगदी बाप माणूस, ८१व्या वर्षी गेला होता आणि हा त्याचा अंत्यविधी. व्हिन्स गिल गिटार घेऊन उभा, शेजारी पॅटी लव्हलेस. गाणं होतं 'गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन'.

या गाण्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९८९ मध्ये कीथ व्हिटली हा गायक दारूपायी गेला, तेव्हा गिलने ते लिहायला घेतलं आणि अर्धवट सोडलं. १९९३ मध्ये त्याचा थोरला भाऊ बॉब गेला, तेव्हा कुठे ते पूर्ण झालं. मूळ रेकॉर्डिंगमध्येही साथीला पॅटी आहेच. रिकी स्कॅग्जही आहे. सगळं कसं स्वच्छ, जागच्या जागी. दोन ग्रॅमीसुद्धा मिळाली. पुढे बऱ्याच वर्षांनी गिलने त्याला आणखी एक कडवं जोडलं. त्यात भाऊ पुन्हा भेटणार याची खात्री आहे.

पण त्या दिवशी गाता गाता गिलचा गळा दाटला. शब्दच फुटेना. पॅटी मात्र थांबली नाही. ती गात राहिली, तो गिटार वाजवत राहिला, जरा सावरला की पुन्हा सूर लावायचा. कीर्तनात बुवांचा दम संपला की टाळकरी धृपद उचलतात ना, अगदी तसं.

माझं मत विचाराल तर रेकॉर्डपेक्षा हे गाणं कैक पटीने मोठं आहे. 'पुन्हा भेटू' असं सांगणारी गाणी ढिगाने आहेत. पण वरची भेट कुणी पाहिली आहे? इथे मात्र दिसतं की एक माणूस कोसळतो तेव्हा दुसरा शेजारी उभा असतो. मला तरी तेवढा पुरावा पुरतो.

मित्र म्हणतो, "हा सगळा रडारडीचा धंदा आहे." मला नाही पटत. धंदेवाला रडू काढतो. गिल ते आवरायला बघत होता.

आता खरं कारण सांगतो. माझी आजी गेली तेव्हा तेराव्याला मी चार ओळी वाचणार होतो. लॅपटॉपवर तीन ड्राफ्ट केले होते, प्रेझेंटेशनसारखे. दुसऱ्याच वाक्याला घसा बंद. आत्याने हातातला कागद घेतला आणि अर्ध्या वाक्यापासून पुढे वाचायला लागली. मी जिथे जिथे 'आजी' लिहिलं होतं, तिथे तिथे ती 'आई' वाचत गेली.

मला त्या फजितीची इतकी लाज वाटली की आतेभावाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी मागे लागून डिलीट करायला लावला. पुढे गिल-पॅटीचं हे गाणं पाहिलं आणि त्याच रात्री त्याला फोन केला. व्हिडिओ गेलेला. बॅकअप नाही. (आणि म्हणे आम्ही इंजिनियर!)

त्यात माझा आवाज फार तर दहा सेकंद होता, बाकी सगळा आत्याचा. आता ती थकली आहे, फोनवर मोजकंच बोलते.

म्हणून सांगतो मंडळी, घरातलं असलं काही 'फसलेलं' रेकॉर्डिंग असेल तर पुसू नका. आपण ऐकतो आपला तुटलेला आवाज, आणि पुसून टाकतो दुसऱ्याचा.

असो. चहा गार झाला. आत्याला फोन करतो.