हातगाडीपाशी थांबलेला उमेदवार

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. अतिक्रमणविरोधी पथकाने तराजू उचलून नेला, तर भाजीवालीने दाद कोणाकडे मागायची? प्रचार सुरू झाला आणि उमेदवार तिच्या गाडीपाशी, वाण्याच्या गल्ल्यापाशी हात जोडून थांबू लागले. यात गैर काहीच नाही. चार वर्षांनी का होईना, कोणी विचारले! परंतु २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले लागतात. मते मागणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिला हे सांगितले? निवडून आलेल्यांनी आता तिच्या गाडीपाशी पुन्हा जावे, समितीच्या पुढील बैठकीची तारीख घेऊन.