उलट बोलायला कोण शिकवणार?

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या आपल्या मुलामुलींना एक वाक्य लहानपणापासून पाठ असतं : उलट बोलू नको. आई सांगते, कारण उलट बोलल्याची किंमत तिच्या बापानं गावात मोजलेली असते. शाळेत गुरुजी सांगतात. मग हीच मुलं हैदराबादच्या, दिल्लीच्या किंवा पुण्याच्या विद्यापीठात येतात आणि सेमिनारमध्ये त्यांना फर्मावलं जातं, आता वाद घाला. ती गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला 'कम्युनिकेशन स्किल कमी' असं नाव मिळतं आणि इंटरव्ह्यूचे मार्क तिथंच जातात.

यावर कॉलेजांकडं औषध एकच, वक्तृत्व स्पर्धा. आपल्या वस्त्यांतही एप्रिलमध्ये त्या जोरात होतात. पाठ केलेलं भाषण, टाळ्या, ढाल. या स्पर्धांनी अनेकांना माईकसमोर उभं राहायचा धीर दिला, हे खरंच. पण भाषणात कुणी मध्येच थांबवून 'हे कशावरून?' असं विचारत नाही. मेसच्या टेबलावर विचारतात.

आपल्याकडं या विद्येची परंपरा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं ते नाटक. १८७३ ची 'गुलामगिरी' मुख्यतः धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. नुसता निबंध लिहिणं त्यांना काही अवघड नव्हतं. पण ऐकून घ्यायचीच सवय लावलेल्या समाजाला शंका कशी काढायची हे दाखवायचं, तर शंका काढणारा माणूस पानावर हवा. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले म्हणता, तर मग इंग्रज कोणत्या अवयवातून आले? समोरच्याची गोष्ट घटकाभर खरी धरायची आणि एक पाऊल पुढं ढकलायची, की तिचं तीच कोसळते. (धोंडीबा कधीकधी फारच लवकर मान डोलावतो, ही माझी जुनी तक्रार आहे. वर्गात वाचताना त्याच्या वतीनं आणखी दोन अडचणीचे प्रश्न मुलांकडून काढून घ्यावेत.)

बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या कॉलेजचं नाव मिलिंद, आणि परिसराचं नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यातली प्रश्नोत्तरं म्हणजे 'मिलिंदपञ्ह'. त्यात नागसेन एक अट घालतात : पंडितासारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं बोलणार असाल तर नाही. पंडित या शब्दानं आपले कान टवकारतात, पण इथं अर्थ जाणता माणूस एवढाच. जाणत्यांच्या वादात मुद्दा खोडला जातो, चूक कबूल केली जाते आणि कुणी रागावत नाही. राजाला विरोध केला की शिक्षा होते. ज्या वर्गात इंटर्नलचे मार्क हातात ठेवून सर 'बोला, बोला' म्हणतात, तो कोणता वाद, हे मुलांना न सांगता कळतं.

आता मेसचं टेबल. कुणीतरी म्हणतो, आरक्षणानं मेरिट मरतं. आपला मुलगा एकतर ताट उचलून निघून जातो, नाहीतर हजारो वर्षांचा इतिहास एका दमात सांगतो. समोरचा दोन्हींनी हलत नाही. त्याऐवजी विचारावं, 'मेरिट म्हणजे काय धरतोस?' तो म्हणेल, एन्ट्रन्सचे मार्क. 'मग कमी मार्कांवर पैसे भरून मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्यांबद्दल कधी बोललास? २०१९ ला घटनादुरुस्ती करून दहा टक्के ईडब्ल्यूएस आलं, तेव्हा मेरिटचं काय झालं?' आणि मग, त्याआधी नाही, सांगावं, की वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये म्हटलंय, की काही वर्गांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला सामाजिक फायदा स्पर्धा परीक्षेच्या मार्कांत दिसत नाही. निकाल आधीच फेकला तर तो ऐकत नाही. स्वतःच्या व्याख्येत अडकल्यावर थोडं तरी ऐकतो. आणि तो नाहीच हलला, तरी शेजारी ताट घेऊन बसलेला तिसरा ऐकत असतो. बहुतेक वेळा वाद त्याच्यासाठीच असतो.

यासाठी विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडता यायला हवं. 'जातीचं निर्मूलन'च्या १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्याखाली स्वतःचं उत्तर दिलं. विरोधकाचा मुद्दा लपवून त्यांनी वाद जिंकला नाही.

पण इथं एक कुंपण मला हवंच आहे. 'आरक्षण हवं की नको' हा विषय देऊन, सरावाच्या नावाखाली आपल्या मुलीला 'नको'च्या बाजूनं उभं करणारे प्राध्यापक आहेत. बाजू बदलून बोलायचा सराव जरूर करावा, पण ७५ टक्के हजेरीच्या अटीवर, परीक्षा पद्धतीवर, मेसच्या मेन्यूवर. बोलणाऱ्याचं वर्गात असणं हाच वादाचा विषय होऊ शकत नाही. आणि जातीवरून शिवी आली तर तो मुद्दा नव्हेच. तिथं प्रतिप्रश्न नको, लेखी तक्रार द्यावी.

होस्टेलमधल्या सीनिअरांनी आठवड्यातला एक तास जरी काढला तरी हे सुरू होतं. दोघं समोरासमोर, बाकीचे ऐकणारे. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पहिले काही आठवडे इंग्रजी नको. वऱ्हाडीत बोला, अहिराणीत बोला, घरी जशी बोलता तशीच भाषा चालेल. एकदा मुद्दा जुळला की इंग्रजीत नेता येतो.